विस्तार

विस्तार : पसरणे, फैलणे, पूर्वीपेक्षा अधिक जागा व्यापणे या अर्थाचा संस्कृत शब्द. मराठीत तो मूळ रूपातच रूढ झाला असून ग्रंथविस्तार, राज्यविस्तार, वंशविस्तार, मंत्रिमंडळाचा विस्तार, गावठाण विस्तार असे त्याचे अनेक प्रयोग आढळतात. संख्येने वा आकाराने मोठे होणे या अर्थाचा ‘वाढ’ हा शब्द पुष्कळदा त्याच्या जोडीने येतो. सामान्य व्यवहारात हे दोन शब्द समानार्थी मानले जातात. तथापि त्यांच्यात जो मूलभूत भेद आहे, तो जमिनीच्या प्रश्नात विशेष स्पष्ट होतो. प्रस्तुत नोंदीत या शब्दांची व्युत्पत्ती व उपयोग सांगून, रायगड जिल्ह्यातील करंजा व त्याच्या परिसरात त्यांना कोणता सामाजिक आणि महसुली अर्थ प्राप्त झाला, याचे विवेचन केले आहे.

व्युत्पत्ती व अर्थच्छटा : ‘स्तृ’ म्हणजे पसरणे, अंथरणे. या धातूस ‘वि’ हा उपसर्ग लागून ‘विस्तार’ हा शब्द सिद्ध होतो. यज्ञवेदीवर दर्भ पसरण्याच्या क्रियेसही हाच धातू योजला जातो. ‘प्रसार’ हा शब्द ‘सृ’ म्हणजे सरकणे, जाणे या धातूपासून आला आहे. विस्तारात पसरणारी वस्तू आपले मूळ ठिकाण सोडत नाही, केवळ तिच्या कडा पुढे सरकतात. प्रसारात मात्र ती वस्तू वा कल्पना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते. म्हणून साम्राज्याचा विस्तार होतो आणि शिक्षणाचा प्रसार होतो. ‘प्रचार’ हा शब्द ‘चर्’ म्हणजे फिरणे या धातूचा असून त्यात पसरविणाऱ्याचा हेतू व प्रयत्न अभिप्रेत असतो.

‘प्रसार’ या शब्दाचे तद्भव रूप म्हणजे ‘पसारा’. एकाच मूळापासून निघालेल्या या दोन शब्दांच्या अर्थांत पडलेले अंतर लक्षणीय आहे. तत्सम ‘प्रसार’ हा बहुधा इष्ट गोष्टींचा असतो. उदा., ज्ञानप्रसार, ग्रंथप्रसार. तद्भव ‘पसारा’ शब्दात मात्र अव्यवस्थेचा व नापसंतीचा ध्वनी असतो. ज्या पसरण्यामागे कोणताही नेम नाही, ते मराठी भाषकाने ‘पसारा’ या शब्दाने वेगळे काढले आहे. ‘फैलाव’ हा शब्द मुख्यतः रोग, अफवा, आग इ. अनिष्ट गोष्टींच्या संदर्भात योजतात. प्राण्यांच्या व कीटकांच्या संख्यावाढीस ‘पैदास’ हा फार्सीतून आलेला शब्द रूढ आहे.

‘वाढ’ शब्दाचे उपयोग : ‘वृध्’ या संस्कृत धातूपासून प्राकृत ‘वड्ढ’ व त्यापासून मराठी ‘वाढ’ अशी या शब्दाची परंपरा आहे. मूल वाढते, वेल वाढते, भाव वाढतात आणि पंक्तीत अन्नही वाढले जाते. या धातूचा शुभवाचक अर्थ इतका प्रभावी ठरला, की अशुभ क्रियांचे उच्चारण टाळण्यासाठीही त्याचा आश्रय घेण्यात आला. देवापुढे नारळ ‘फोडला’ असे न म्हणता तो ‘वाढविला’ असे म्हणतात. सुवासिनीच्या हातची बांगडी ‘फुटली’ असे न म्हणता ‘वाढली’ असे म्हणण्याची चाल आहे. पाणिनीच्या व्याकरणात ‘वृद्धि’ ही आ, ऐ आणि औ या स्वरांची संज्ञा असून अष्टाध्यायीचा आरंभ तिच्यापासूनच होतो. धर्मशास्त्राच्या परिभाषेत अपत्यजन्मामुळे येणाऱ्या अशौचासही ‘वृद्धि’ म्हणत. त्यासच मराठीत ‘सोयर’ असे नाव आहे.

प्राचीन अर्थव्यवहारात ‘वृद्धि’ म्हणजे व्याज. कौटिलीय अर्थशास्त्रात शंभर पणांवर दरमहा सव्वा पण ही धर्म्य वृद्धी मानली असून व्यापारी, अरण्यातून प्रवास करणारे व समुद्रावर जाणारे यांच्यासाठी धोक्याच्या प्रमाणात चढते दर सांगितले आहेत. व्याजावर व्याज म्हणजे चक्रवृद्धी, मराठीत चक्रवाढ. ही वाढ अमर्याद होऊ नये म्हणून हिंदू ऋणविधीत दामदुपटीचा नियम होता. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, असा त्याचा आशय. विशेष म्हणजे ब्रिटिश अमदानीतही मुंबई इलाख्यातील न्यायालये हा नियम मानीत. दख्खनमधील १८७५ च्या शेतकऱ्यांच्या उठावानंतर १८७९ मध्ये करण्यात आलेल्या शेतकरी साहाय्य अधिनियमामागेही कर्जाच्या वाढीस आवर घालण्याची हीच दृष्टी होती. वाढ शुभ असली, तरी तिला मर्यादा असावी, हा विचार या परंपरेत सतत आढळतो.

आधुनिक परिभाषा : विसाव्या शतकात या शब्दांना नवीन शास्त्रीय व राजकीय अर्थ लाभले. कर्करोगाच्या चर्चेत गाठीची वाढ आणि रोगाचा शरीरात इतरत्र झालेला फैलाव या दोन अवस्था वेगळ्या मानाव्या लागतात, कारण त्यांवरील उपाययोजना भिन्न असते. आंतरराष्ट्रीय राजकारणात अण्वस्त्रांच्या संदर्भात ‘प्रसार’ हा शब्द रूढ झाला. १९६८ मध्ये स्वाक्षऱ्यांसाठी खुला झालेला व ५ मार्च १९७० पासून अंमलात आलेला अण्वस्त्रप्रसारबंदी करार भारताने स्वीकारलेला नाही. अण्वस्त्रे नव्या राष्ट्रांच्या हाती जाणे हा क्षैतिज प्रसार आणि ज्यांच्याकडे ती आहेत त्यांच्या साठ्यात भर पडणे हा ऊर्ध्व प्रसार होय. या करारात पहिल्यावर कडक बंधने असून दुसऱ्यावर मात्र केवळ वाटाघाटींचे आश्वासन आहे, असा भारताचा आक्षेप राहिला आहे. मराठीतील नेहमीच्या शब्दांत सांगावयाचे, तर विस्ताराला बंदी आणि वाढीला मोकळीक, असे या आक्षेपाचे स्वरूप आहे. दोन शब्दांतील भेद केवळ कोशकारांच्या उपयोगाचा नसून त्यावर हक्क व कर्तव्ये अवलंबून असतात, हे या उदाहरणावरून दिसते. ज्या मुंबई बंदराच्या एका काठावर तुर्भ्याचे अणुसंशोधन केंद्र आहे, त्याच्याच दुसऱ्या काठावरील उरण बेटावर हा भेद जमिनीच्या रूपाने अनुभवास आला.

गावठाण व त्याचा विस्तार : महाराष्ट्रातील जुन्या ग्रामव्यवस्थेत गावाच्या भूमीचे ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असे दोन भाग मानीत. काळी म्हणजे पिकाची जमीन व पांढरी म्हणजे वस्तीची जागा. महसुली भाषेत वस्तीच्या जागेस ‘गावठाण’ म्हणतात. ‘ठाण’ हे ‘स्थान’ या शब्दाचे तद्भव रूप होय. गावठाणाच्या आतील घरजागेस शेतजमिनीप्रमाणे आकारणी नसे आणि तेथे घर बांधण्यास बिनशेती परवानगीची आवश्यकता भासत नसे. त्यामुळे गावठाणाची हद्द कोठे संपते, हा प्रश्न गावकऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा होता. मुंबई जमीन महसूल अधिनियम, १८७९ याच्या कलम १२६ अन्वये ही हद्द ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकारी व भूमापन अधिकारी यांना देण्यात आला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १२२ मध्ये तीच तरतूद असून ठरविलेल्या हद्दीत वेळोवेळी फेरबदल करण्याचीही मुभा आहे. याचा अर्थ असा, की लोकसंख्या वाढली म्हणजे गावठाणही विस्तारावे, हे तत्त्व कायद्याने प्रारंभापासून मान्य केलेले आहे.

करंजा : रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील मच्छीमारी बंदर. वाशीम जिल्ह्यातील कारंजा हे गाव याहून वेगळे. उरण बेटाच्या दक्षिण टोकाशी, द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्यास व धरमतर खाडीच्या मुखाशी ते वसले आहे. खाडीच्या पलीकडे अलिबाग तालुक्यातील रेवस बंदर आहे. एकोणिसाव्या शतकापर्यंतच्या कागदपत्रांत संपूर्ण उरण बेटाचाच उल्लेख ‘करंजा बेट’ असा येतो. त्या काळी उरण हा पनवेल तालुक्याचा पेटा होता.

करंज्यालगतच्या चाणजे येथे शिलाहार राजांचे दानलेख मिळाले आहेत. त्यांपैकी अपरादित्याचा लेख शके १०६० (इ. स. ११३८) व सोमेश्वराचा लेख शके ११८२ (इ. स. १२६०) मधील आहे. सोळाव्या शतकात बेट पोर्तुगीजांकडे गेले. अठराव्या शतकात मराठ्यांनी ते घेतले. १७७४ च्या अखेरीस साष्टीच्या मोहिमेच्या वेळी ते इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी, घारापुरी इ. बेटांबरोबर त्यांच्याकडे कायम झाले. या सर्व सत्तांचा राज्यविस्तार बेटावरून होऊन गेला. बेटावरील आगरी, कोळी व इतर समाजांच्या वस्तीची चौकट मात्र त्याने फारशी बदलली नाही.

बेटाचा स्वतःचा विस्तार याहून निराळ्या रीतीने झाला. भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या खाजणांना मातीचे बांध घालून लोकांनी भातशेती व मिठागरे निर्माण केली. बेट व मुख्य भूमी यांमधील खाडी उथळ होत गेली, तसतशी ही आगरे पुढे सरकली. ‘आगरी’ या समाजनामाचा संबंध ‘आगर’ या शब्दाशी जोडला जातो. बांध फुटला, की खारे पाणी शिरून शेत नापीक होत असे. म्हणून बांधबंदिस्ती हे गावकीचे सामूहिक काम मानले जाई. येथे वाढ व विस्तार यांची सांगड दिसून येते. कुटुंबे वाढली, की नवा बांध घालावा व नवे आगर काढावे, असा हा क्रम होता. कोळ्यांच्या बाबतीत समुद्र व खाडी हीच शेती होती. त्यांचा विस्तार जमिनीच्या नोंदींत कधीच उमटला नाही.

महानगराचा विस्तार : बृहन्मुंबईची लोकसंख्या १९५१ मध्ये सुमारे ३० लाख होती. ती १९६१ मध्ये सुमारे ४१·५ लाख आणि १९७१ मध्ये सुमारे ५९·७ लाख झाली. या वाढीसाठी बंदराच्या पूर्वेस मुख्य भूमीवर नवीन नगर वसवावे, ही कल्पना १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता व शिरीष पटेल यांनी मांडली. त्याच वर्षी शासनाने धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मुख्य भूमीच्या विकासास तिनेही अनुकूलता दर्शविली. १९७० च्या मार्चमध्ये शहर व औद्योगिक विकास महामंडळाची (सिडको) स्थापना झाली. नियोजित नगराची लोकसंख्या २० लाख गृहीत धरण्यात आली होती. ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ८६ गावांमधील १५,९५४ हेक्टर खाजगी जमीन संपादनासाठी अधिसूचित झाली. ऑगस्ट १९७३ मध्ये आणखी २,८७० हेक्टरांची भर पडून गावांची संख्या ९५ झाली. नगराचे एकूण क्षेत्र सुमारे ३४४ चौ. किमी. आहे.

संपादनात गावठाणे वगळण्यात आली, म्हणजे काळी गेली व पांढरी राहिली. गावाची घरे वाचली, परंतु ज्या जमिनीवर पुढील पिढीची घरे झाली असती ती जमीन गावाच्या हातून गेली. नकाशावर प्रत्येक जुने गाव हे नव्या नगराच्या मध्यभागी उरलेले एक बंदिस्त बेट झाले. नगराच्या विस्ताराने गावांचा विस्तार संपुष्टात आणला. गावांची वाढ मात्र थांबली नाही.

संपादनाच्या मोबदल्यावरून दि. बा. पाटील (१९२६–२०१३) यांच्या नेतृत्वाखाली दीर्घ लढा झाला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यातील जासई व आसपासच्या परिसरात आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जण मृत्युमुखी पडले. या लढ्याच्या परिणामी संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ धारकास देण्याचे तत्त्व शासनाने १९९० मध्ये मान्य केले. पुढे पूर्वीच्या संपादनांनाही ते लागू झाले. जमीन गेलेल्या व्यक्तीला केवळ रोख मोबदला न देता विकासाच्या वाढीव मूल्यात वाटा द्यावा, हा विचार त्यामागे होता. भूसंपादनाच्या भारतातील इतिहासात ही योजना महत्त्वाची मानली जाते.

या योजनेचे अंकगणित उद्‌बोधक आहे. एक हेक्टर जमीन गेलेल्या खातेदाराचा साडेबारा टक्के हिस्सा १,२५० चौ. मी. होतो. सार्वजनिक सुविधांसाठी त्यातील ३० टक्के वजा केल्यावर प्रत्यक्ष भूखंड ८७५ चौ. मी. उरतो. त्या खातेदारास चार वारस असल्यास प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे २१९ चौ. मी. येतात. पुढील पिढीत पुन्हा चौघे झाल्यास प्रत्येकी ५५ चौ. मी.ही राहत नाहीत. एक हेक्टरापेक्षा लहान धारणा असलेल्यांची स्थिती याहून बिकट होय. वारस गुणाकाराने वाढतात व भूखंड भागाकाराने घटतो. जमिनीचे मूल्य चढल्याने ही घट काही अंशी भरून निघते. परंतु मूल्य वाढले, तरी त्यात राहावयाची जागा वाढत नाही. ज्या कुटुंबांच्या नावे जमीनच नव्हती आणि ज्यांचे जीवन खाडीवर अवलंबून होते, त्यांचा हिस्सा जमिनीच्या या प्रमाणातून निघू शकत नव्हता.

न्हावा-शेवा येथील बंदर २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले. त्यासाठी शेवा बेटावरील कोळ्यांची वस्ती हलवावी लागली. पुनर्वसित हनुमान कोळीवाड्यात पुढे वाळवीचा प्रादुर्भाव होऊन घरे पोखरली गेली. दुसऱ्या पुनर्वसनाची मागणी तेथील रहिवाशांना अनेक वर्षे करावी लागली. करंज्याच्या परिसरावर आणखीही मर्यादा आहेत. एका बाजूस खाडी व दुसऱ्या बाजूस डोंगर आहे. नौदलाच्या आयुधागारामुळे त्याभोवतालच्या बांधकामावर निर्बंध येतात. १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने समुद्रकिनाऱ्यालगतचा पट्टा किनारा नियमन क्षेत्र ठरला. यांपैकी प्रत्येक निर्बंधास संरक्षणाचे वा पर्यावरणाचे सबळ कारण आहे. परंतु त्या सर्वांचा एकत्रित भार मर्यादित गावठाणावर पडतो.

गरजेपोटीची बांधकामे : गावठाणाची हद्द आहे तेथेच राहिल्याने प्रकल्पग्रस्त कुटुंबांनी तिच्या बाहेर, बहुधा स्वतःच्याच पूर्वीच्या जमिनीवर घरे बांधली. महसुली व नियोजनविषयक कायद्यांनुसार ही बांधकामे अनधिकृत ठरतात. गावकऱ्यांच्या भाषेत मात्र ती ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ होत. हा शब्दप्रयोग पुढे शासकीय व्यवहारातही रूढ झाला. गावकऱ्यांचा युक्तिवाद असा, की कायद्याप्रमाणे गावठाणाचा विस्तार वेळोवेळी झाला असता, तर हीच घरे अधिकृत ठरली असती. उलट पक्षी, गरजेपोटीच्या बांधकामांच्या आडून भाड्याच्या व विक्रीच्या इमारतीही उभ्या राहिल्या आणि अपुरे रस्ते, सांडपाणी व अग्निशमन यांचे प्रश्न गंभीर झाले, असे नियोजनकारांचे म्हणणे आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पहिल्या पक्षाच्या दृष्टीने ही ‘वाढ’, तर दुसऱ्याच्या दृष्टीने तो ‘पसारा’ होय. एकाच घराला कोणता शब्द लावावयाचा, यावर ते घर नियमित होणार की पाडले जाणार, हे ठरते.

मूळ गावठाणालगतची अशी बांधकामे नियमित करण्याचे निर्णय शासनाने वेळोवेळी घेतले असून त्यांपैकी एक २०२२ मधील आहे. अंतराची मर्यादा, भाडेपट्ट्याच्या अटी आणि मालकीहक्क यांवरून त्यांबाबत वाद होत राहिले. २०२० मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांचे भूमापन करून मिळकतपत्रिका देण्याची तरतूद आहे. भूमापनामुळे गावठाणाच्या आतील हक्क निश्चित होतात. ते कोठपर्यंत वाढावे, हा मात्र स्वतंत्र निर्णयाचा विषय राहतो.

उपसंहार : पनवेल तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे साडेसात लाख व उरण तालुक्याची सुमारे १·६ लाख होती. पनवेल येथे २०१६ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी–न्हावा-शेवा सागरी सेतू वाहतुकीसाठी सिद्ध झाला आणि त्याच सुमारास उपनगरी रेल्वे उरणपर्यंत पोहोचली. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. महानगराचा विस्तार आता बंदराच्या पूर्व किनाऱ्यावर पूर्णपणे प्रस्थापित झाला आहे.

कर्जाच्या वाढीला मर्यादा असावी म्हणून परंपरेने दामदुपटीचा नियम केला. वस्तीच्या वाढीला जागा असावी म्हणून महसूल कायद्याने गावठाणाची हद्द बदलण्याची तरतूद केली. पहिल्या नियमाने वाढीला आवर घातला, दुसऱ्याने तिला विस्ताराची वाट दिली. करंजा व आसपासच्या गावांचा गेल्या अर्धशतकाचा इतिहास हा या दुसऱ्या तरतुदीचा उपयोग पुरेसा व वेळेवर न झाल्याचा इतिहास आहे. वाढ मोजण्यासाठी दर दहा वर्षांची जनगणना योजलेली आहे. विस्तार मोजण्यासाठी भूमापन आहे. या दोन मोजण्या एकमेकींशी जेथे ताडून पाहिल्या जात नाहीत, तेथे घरे प्रथम बांधली जातात आणि त्यांच्यासाठीचा शब्द मागाहून शोधावा लागतो.